कारण विचारायचं नाही

सोलो शहरातल्या आज्या नेमक्या निबंध द्यायच्या दिवशीच का आजारी पडतात, या प्रश्नाने पालुपीबाईंना सत्रभर छळलं होतं. बाई विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायच्या, त्यामुळे योगायोग या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकाच वर्गातल्या इतक्या आज्या एकाच आठवड्यात अंथरूण धरतात, इतक्या मोटारसायकली पंक्चर होतात आणि इतके लॅपटॉप जीव सोडतात, हे कुठल्याही गणितात बसत नाही, असं त्या चहाच्या वेळी सहकाऱ्यांना ऐकवायच्या. समोरचा मान डोलवायचा. बाईंना वाटायचं, पटलं याला. तो बिचारा कप रिकामा करून पळायच्या बेतात असायचा.

मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘जकातनाका’. समोर अर्थातच ‘बू पालुपी’, म्हणजे आपल्याकडचं बाई. पण पाठ फिरली की जकातनाका, कारण तिथून पेटी उघडून दाखवल्याशिवाय काही पुढे जायचं नाही. डॉक्टरची चिठ्ठी आणली तर बाई दवाखान्यात फोन लावायच्या. टायफॉईड झाला म्हणणाऱ्याला ताप कधी चढायचा, कधी उतरायचा, हे उलटसुलट विचारायच्या. सोलोत दमल्याभागल्या प्रत्येक माणसाला टायफॉईडच होतो, हे खरं आहे. पण प्रत्येकाला खोटाच होतो, असंही नाही ना! बाईंना मात्र दुसरी शक्यता सुचायचीच नाही. आपल्याला हे टोपणनाव आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून त्याचा थोडा अभिमानही होता.

तशात विभागात नवा नियम आला. विभागप्रमुख पाक विरातनो, म्हणजे आपल्याकडचे विरातनो सर, मऊ माणूस. आदल्या वर्षी एक हुशार मुलगा कुणाला न सांगता गावी निघून गेला आणि परत आलाच नाही. नंतर कळलं, की साचलेल्या निबंधांच्या धास्तीने त्याची झोप उडाली होती. विरातनोंनी ते फार मनाला लावून घेतलं. त्यांनी ठरवलं, की ज्याला जड जात असेल त्याने मुदतीआधी नुसतं कळवायचं. त्याला आठवडाभर जास्त मिळेल. कारण विचारायचं नाही.

“म्हणजे चोरांना दार उघडून द्यायचं आणि वर विचारायचंही नाही, कुठे निघालात?” पालुपीबाई बैठकीत म्हणाल्या होत्या. मतं घेतली, त्या हरल्या. हरल्या तरी नियम आपल्या पद्धतीने पाळायचं त्यांनी ठरवलं, आणि त्यांना तसं करणं सोपंही होतं. नियमानुसार नुसता निरोप पुरला असता. पण मोठ्या माणसाला नुसता निरोप धाडणं सोलोत उद्धटपणा समजतात. पोरं खोलीच्या दारात येऊन, पुढे हात बांधून, अर्धी वाकून उभी राहायची. आणि दारात आलेल्याला बाई सहज विचारायच्या, “का रे? काय झालं?” आता सहज विचारायला कुठला नियम आड येतो?

त्या दारात एक दिवस किनासिह आली. वोनोगिरीच्या डोंगराळ भागातली, शिष्यवृत्तीवर शिकणारी, दुसऱ्या वर्षाची मुलगी. पहिल्या बाकावर बसायची, प्रश्न विचारायची. अलीकडे मागे सरकली होती आणि प्रश्नही बंद झाले होते. तिने मुदत वाढवून मागितली. बाईंनी सहज विचारलं. ती म्हणाली, आजी आजारी आहे, गावी जावं लागेल.

“कुठली आजी? आईची आई की वडिलांची?”

किनासिह क्षणभर थांबली. “आईची, बू.”

तेवढं थांबणं बाईंना पुरेसं होतं. आपली आजी कुठली, हे आठवायला कुणाला वेळ लागतो? मनात पाल चुकचुकली. बाईंनी मुदत दिली, तोंड भरून दिली, ‘आजीला सांभाळ’ असंही म्हणाल्या. आणि ती वळून गेल्यावर त्या बराच वेळ दाराकडे बघत बसल्या.

पुढच्याच रविवारी बाईंच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या, हर्तिनीच्या, मुलीचं लग्न होतं. सोलोतलं लग्न म्हणजे पाहुण्यांनी खुर्चीवरून हलायचं नाही. ओळीने बसायचं आणि आळीतली तरुण मुलं-मुली हातोहात बश्या आणून देणार. आधी चहा आणि काहीतरी गोड, मग सूप, मग भात, आणि शेवटी आइस्क्रीम. आइस्क्रीम आलं की समजायचं, कार्यक्रम आटोपला. वाटी खाली ठेवायची, नवरानवरीला भेटायचं आणि घरी जायचं. नंतर रेंगाळणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, पण त्याच्याभोवतीच्या खुर्च्या उचलायला लागतात.

बाईंच्या शेजारी बू सुमाराह बसल्या होत्या. आता निवृत्त, पण एकेकाळी बाईंना त्यांनीच शिकवलेलं. दोघी हवापाण्याचं बोलत होत्या, तेवढ्यात पाहुण्यांची विचारपूस करत हर्तिनी आली. सगळ्यांना नवऱ्याचं विचारतात तसंच तिने बाईंनाही विचारलं, “आणि पाक सुबेक्ती कुठेत? दिसले नाहीत.”

“कामासाठी सेमारांगला गेलेत गं. तुला आवर्जून आशीर्वाद सांगितलेत,” पालुपीबाई म्हणाल्या आणि छान हसल्या. हर्तिनीही हसली आणि पुढच्या ओळीकडे गेली.

मग सूप आलं. सूप घेऊन आली किनासिह! अंगात हिरवा कबाया, म्हणजे तिकडचं ठेवणीतलं पोलकं, केस चापून बसवलेले, ओठांना लाली, हातात भलंमोठं ताट. बाईंना बघून ताटातल्या वाट्या किणकिणल्या. पण पोरगी सावरली, वाकली आणि हसत वाटी पुढे करून म्हणाली, “घ्या ना, बू.”

“आजी कशी आहे?” बाईंनी साखरेत घोळून विचारलं.

“बरी आहे, बू. तुमच्या आशीर्वादाने.”

बघा, केवढा हा निर्ढावलेपणा! आजीसाठी गावी गेलेली पोरगी लाली लावून लग्नात सूप वाटतेय आणि वर आपलाच आशीर्वाद आपल्याला परत करतेय. बाईंनी बू सुमाराहांकडे पाहिलं. त्या शांतपणे सूप पीत होत्या. बाईंना त्या दिवशी सूप फारच चविष्ट लागलं. खोटं बोलणारा असा वाढलेल्या ताटासकट रोज थोडाच सापडतो!

सोमवारी त्यांनी विरातनोंना गाठलं. नियमाचं काय होतं ते बघा, म्हणाल्या. आता तरी बंद करा, आणि या मुलीच्या निबंधाला शून्य द्या. विरातनोंचा चेहरा पडला. ते म्हणाले, गुरुवारच्या बैठकीत विषय घेतो, पण तुम्ही खात्री करून घ्या. शून्य मिळालं तर तिची शिष्यवृत्ती जाईल आणि ती मुलगी पुन्हा वोनोगिरीहून काही परत यायची नाही. बाई म्हणाल्या, माझं काम कच्चं नसतं.

आणि ते पक्कं करायलाच त्यांनी कचेरीतून मुलीचा पत्ता काढला. बघतात तर घर बू सुमाराहांचं! निवृत्तीनंतर त्या वरच्या खोल्या विद्यार्थिनींना भाड्याने देत होत्या. म्हणजे लग्नात सूप पीत शेजारी बसलेली बाई या मुलीची घरमालकीण होती आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. बाईंना आता त्यांचाही संशय यायला लागला. एकदा डोळ्यांत संशय शिरला की गुरूसुद्धा साक्षीदारासारखा दिसायला लागतो, तसंच झालं.

दुपारी त्या तिथे पोचल्या. सुमाराहांनी बसवलं, चहा दिला, आंब्याच्या झाडाची खबर दिली, गुडघ्यांची खबर दिली. बाई चुळबुळत होत्या. शेवटी चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, “किनासिह मागच्या आठवड्यात गावी गेली होती का?”

“नाही.”

“मला वाटलंच! आणि तिची आजी?”

“ती केव्हाच वारली. किनासिह लहान होती तेव्हा.”

उत्तर जुळल्यावर विद्यार्थ्याचा होतो तसा बाईंचा चेहरा खुलला. आणखी काय हवं होतं? त्या पर्स उचलून उठायला लागल्या.

“चहा संपव,” सुमाराह म्हणाल्या. आवाज तोच, जुन्या वर्गातला. बाई आपोआप बसल्या.

मग सुमाराहांनी एकेक करून सांगितलं. ज्या आठवड्यात आजी आजारी होती, त्या आठवड्यात किनासिह खोलीबाहेर आली नव्हती. जेवत नव्हती. पुस्तक उघडायची आणि तसंच मिटून ठेवायची. पहिल्या वर्षी गावात सगळ्यांनी हिचं कौतुक केलेलं. आता एक निबंध राहिला, मग दुसरा, आणि आपण सगळ्यांना फसवतोय असं तिच्या मनाने घेतलं. बाकीच्या मुली पाळी लावून तिच्याजवळ बसायच्या. विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाईंकडे सुमाराह स्वतः तिला घेऊन गेल्या, औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला एकटं बसू देऊ नका, माणसांत न्या, हाताला काहीतरी काम द्या. म्हणून सुमाराहांनी तिला लग्नात ताट धरायला नेलं. कितीतरी दिवसांनी त्या सकाळी तिने न सांगता केस धुतले होते. लाली शेजारच्या खोलीतल्या मुलीने लावून दिलेली.

“तिच्या दाराची आतली कडी मी काढून ठेवलीय,” सुमाराह म्हणाल्या. “माझ्या हाताने स्क्रू फिरवले. का, ते तुला सांगायला लागू नये.”

पालुपीबाईंनी कप खाली ठेवला. पण इतक्या वर्षांची सवय अशी एका घोटात जात नाही. त्या म्हणाल्या, मग मला खरं सांगायचं होतं. मी काय राक्षसीण आहे?

“नियम काय होता?”

“कारण विचारायचं नाही.”

“मग तू विचारलंस का?”

“सहज विचारलं हो.”

“तुझं सहज असेल. ती तुझ्या दारात हात बांधून उभी होती. मोठ्यांनी विचारल्यावर गप्प बसायचं नाही, हे तिला आईने शिकवलंय. आणि आपलं दुखणं मोठ्यांच्या डोक्यावर नेऊन आदळायचं नाही, हेही शिकवलंय. मग करणार काय? तिने तुला हलकंसं काहीतरी दिलं. आजी दिली. आजीचं दुखणं सांगितलं की ऐकणाऱ्याला त्रास होत नाही. तो दोन शब्द बोलतो आणि कामाला लागतो.”

“आणि बाकीचे? ते खरोखरच फसवत असतील तर?”

“काही फसवत असतीलच की. मीही जन्मभर शिकवलंय, पालुपी, कुणाला देव समजत नाही मी. लबाडाला आठवडा जास्त मिळाला, तो आठवडाभर जास्त लोळला. तुझं काय गेलं? आणि खरं सांगू? तू लावतेस त्या जाळ्यात लबाड कधी सापडतच नाही. त्याच्याकडे चिठ्ठी तयार असते, त्याला आजी कुठली ते पाठ असतं. सापडते ती अशी, जिला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही.”

बाईंनी पर्स पुन्हा खाली ठेवली. मग काहीतरी आठवल्यासारखं, जवळजवळ तक्रारीच्या सुरात, म्हणाल्या, “पण ती हसत होती हो. लग्नात मस्त हसत होती.”

“तूही हसत होतीस,” सुमाराह हळूच म्हणाल्या. “हर्तिनीने सुबेक्तींचं विचारलं तेव्हा.”

अरे देवा! सुबेक्ती सेमारांगला होते हे खरं. पण कामासाठी नव्हते. वर्षापूर्वी कपडे आणि पुस्तकं घेऊन ते गेले होते, तिथे त्यांचा दुसरा संसार होता. बाईंनी हे बहिणीलाही सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांना वाटावं म्हणून दोरीवर अजून अधूनमधून नवऱ्याचा एखादा जुना शर्ट वाळत घालायच्या. जी बाई मुलांच्या तापाचे चढउतार तपासायची, ती स्वतः वर्षभर अख्ख्या आळीला फसवत होती.

“तुम्हाला कधीपासून माहिती आहे?” त्यांनी विचारलं.

“बरेच दिवस. पण मी काही तुला खोटारडी समजले नाही. मला वाटलं, पोरीला लागलंय फार, आणि लग्नघरात कुणाला अवघडायला नको म्हणून हसतेय. मी तुला विचारलं का कधी?”

पालुपीबाई रडल्या. सगळ्यांदेखत ताठ राहणारं माणूस रडतं तसं, आवाज न करता, रुमालाने नाक पुसत. सुमाराह आंब्याच्या झाडाकडे बघत बसल्या.

तेवढ्यात गरम तळलेल्या केळ्यांची बशी घेऊन किनासिह आली. समोर बाई! तिचा चेहरा पांढराफटक पडला. ‘आजी कशी आहे’ हे शब्द सवयीने बाईंच्या जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले.

“बस,” त्या म्हणाल्या. “मी काही विचारायला आलेले नाही.” विचारायलाच तर आल्या होत्या, पण तेवढं एक खोटं आपण त्यांना माफ करू या.

किनासिह बसली नाही. खाली बघत म्हणाली, “बू, मी खोटं बोलले. मला आजी नाहीये.”

“मला माहिती आहे. बस आधी.” ती टेकल्यावर बाई म्हणाल्या, “निबंध अख्खा नको मला. पहिला तक्ता तेवढा कर, जमेल तेव्हा. तो घेऊन ये, आपण बघू. मग पुढची तारीख दोघी मिळून ठरवू. तारीख असणार हं, सोडणार नाही मी. पण तुला झेपेल अशी.”

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाईंनी तिला बोलायला लावलं नाही. केळी गार व्हायला लागली, तेव्हा सुमाराहांनी दोघींना दटावलं आणि खायला लावलं.

गुरुवारच्या बैठकीत विरातनोंनी जड मनाने विषय काढला. आता नियम जाणार, असंच सगळे धरून होते. पालुपीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नियम बंद करायचा प्रश्नच येत नाही, कारण तो अजून सुरूच झालेला नाही; आपण दारात उभं करून विचारतोय तोवर होणार नाही. त्यांनी सुचवलं, की मुलांनी खोलीवर यायची गरज नाही, निरोप पुरे, आणि तो उद्धटपणा नाही हे आपणच वर्गात जाऊन सांगू. उलट निरोप जाईल तो असा, की मुदत वाढवली आहे, आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर दार उघडं आहे. एक प्राध्यापक म्हणाले, आळशी पोरं डोक्यावर बसून नाचतील. “नाचू देत,” बाई म्हणाल्या, “परीक्षा कुठे पळून चाललीय?”

आणि मंडळी, मौज अशी, की विचारणं थांबलं त्या दिवसापासून सोलोतल्या समस्त आज्या ठणठणीत बऱ्या झाल्या. मुदत वाढवून घेणारे काही फारसे वाढले नाहीत. काहींनी गैरफायदा घेतला, नाही असं नाही. त्यांचे निबंध उशिरा येऊनही वाईटच होते. मात्र अधूनमधून कुणीतरी आपणहून बाईंच्या दारात यायला लागलं, न विचारता बसायला लागलं आणि खरं सांगायला लागलं. किनासिहचा निबंध आला, उशिरा आला, बेताचाच होता. बाईंनी त्यातली चूक लाल शाईने गोल करून दाखवली; त्या काही एकदम साखर झाल्या नव्हत्या. शिष्यवृत्ती टिकली. सुमाराहांनी दाराची कडी मात्र लगेच बसवली नाही. ती किनासिहनेच पुढे बऱ्याच महिन्यांनी मागितली, तेव्हा बसवली.

आपणही आपापल्या घरी, शाळेत, कचेरीत कुणाच्या ना कुणाच्या दारातले जकातनाके असतो. कुणी थोडी सवड मागितली की आधी कारण मागतो, मग पुरावा, आणि तो देताना समोरचा अडखळला की चोर सापडल्याचा आनंद मानतो. तारखा हव्यात, शिस्त हवी, त्याशिवाय कुणाचंच काम तडीला जात नाही. पण तारीख माणसाला पुढे नेण्यासाठी असते, बुडवण्यासाठी नव्हे. दहा लबाडांना थोडी सवड फुकट मिळाली तर जग बुडत नाही. एका खऱ्याला ती नाकारली तर त्याचं जग बुडू शकतं. हे ज्याला कळलं, तो खरा शिक्षक, मग तो शाळेत असो नाहीतर घरात.

पुढच्या लग्नसराईत त्याच आळीत आणखी एक लग्न निघालं. पालुपीबाई आणि हर्तिनी शेजारी शेजारी बसल्या होत्या. सूप झालं, भात झाला. बोलता बोलता हर्तिनीने विचारलं, सुबेक्ती अजून सेमारांगलाच का?

“हो,” बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, “पण कामासाठी नाही. ते आता माझ्याबरोबर राहत नाहीत, हर्तिनी.”

हर्तिनीने का ते विचारलं नाही. तिने खुर्ची जवळ ओढली आणि बाईंचा हात हातात घेऊन ठेवला. आइस्क्रीम आलं. वाट्या खाली ठेवून माणसं उठली, नवरानवरीला भेटली, मांडव रिकामा झाला. या दोघी बसूनच होत्या. बाईंचं बोलणं संपत नव्हतं आणि वाट्यांतल्या आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. मुली खुर्च्या उचलायला आल्या, त्यांत किनासिह होती. एकीने या दोघींना उठवायला पाऊल पुढे टाकलं. किनासिहने तिचा दंड धरला आणि मान हलवली. मुलींनी आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या नेल्या, त्या दोन तेवढ्या राहू दिल्या.